बारा एकरांना वॉशिंग्टनकडून काय मिळतं?

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडते. नवराबायको दोघे आयटीत, दोघांकडे ग्रीन कार्ड. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या बाजूला गेल्या हिवाळ्यात १२ एकर जमीन घेतली. त्यातली आठ एकर वहितीची आणि उताराची. आधीचा मालक तिथे मका आणि सोयाबीन आलटून पालटून घ्यायचा. तो आता फ्लोरिडाला राहायला निघालाय. बाकी झाडी, आणि खालच्या अंगाला ओढा. तुम्हाला तिथे रसायनांशिवाय मेथी, भेंडी, गवार, वांगी करायची आहेत आणि न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना विकायची आहेत. धाकटा भाऊ एच-वन-बीवर आहे, तो पैसे घालून भागीदार होणार. शेजाऱ्याने सांगितलं की फेडरल सरकार छोट्या शेतकऱ्याला पॉलिहाऊस फुकट देतं. हे खरं का, आणखी काय मिळतं, आणि गेल्या वर्षीच्या उलथापालथीनंतर काही शिल्लक आहे का?

मी राहुरीला शिकले आणि गेली बावीस वर्षं या भागातल्या शेतकऱ्यांना जमिनीचे आराखडे आणि सरकारी अर्ज करून देते. (महाराष्ट्रातलं कृषी विद्यापीठ उभं राहत होतं तेव्हा इथल्या पेन स्टेट विद्यापीठाची मदत झाली होती. त्यामुळे इथे आल्यावर मला कृषी विस्ताराचं काम फारसं परकं वाटलं नाही. फक्त बैलांऐवजी आमिश, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, लोकांचे घोडे आले.)

फुकट काही मिळत नाही. मिळतो तो झालेल्या खर्चाचा काही भाग, तोही काम पुरं झाल्यावर, आणि काम सुरू करण्याआधी करारावर सही झाली असेल तरच. गावाकडे कुणी महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरला असेल तर त्यांना विचारा. पूर्वसंमती येण्याआधी सामान आणलं की अनुदान गेलं. इथेही अगदी तेच. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने जानेवारीत टनेलचा, म्हणजे साध्या पॉलिहाऊसचा, सांगाडा सवलतीत मिळतोय म्हणून मागवला, मार्चमध्ये खांब ठोकले आणि एप्रिलमध्ये अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं. अधिकारी पाहणीला आला, उभा टनेल बघितला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, टनेल छान झालाय, पण आता यावर मी एक डॉलरही देऊ शकत नाही. लवकर सुरू करण्याची लेखी परवानगी मागता येते. त्यांनी मागितलीच नव्हती.

आता हा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे ते बघू, कारण ते कळलं की अपेक्षा आपोआप जागेवर येतात. शेतीचा बहुतेक फेडरल पैसा फार्म बिल नावाच्या कायद्यातून येतो. हा कायदा साधारण पाच वर्षांनी नव्याने करायची रीत आहे, आणि त्याचं मूळ १९३३ च्या मंदीतल्या कायद्यात आहे. २०१८ चं फार्म बिल मंजूर झालं तेव्हा दहा वर्षांचा अंदाज ८६७ अब्ज डॉलरचा होता. ऐकायला डोळे फिरवणारा आकडा, पण त्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त पैसे गरिबांच्या अन्न मदतीचे, म्हणजे फूड स्टॅम्पचे. उरलेल्यातले मोठे वाटे तीन: पीक विमा, ठरावीक पिकांना भावाचा आधार, आणि जमीन-पाणी संवर्धन. तुमच्या कामाचा वाटा तिसरा. तो सुमारे सात टक्के होता.

भावाचा आधार मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, भुईमूग अशा पिकांना मिळतो, आणि तो मिळतो जमिनीच्या जुन्या नोंदीवर. या नोंदीला इथे बेस एकर म्हणतात. तुमच्या आठ एकरांवर मका-सोयाबीनचे बेस एकर असण्याची शक्यता बरीच आहे. पण गंमत बघा. दहा किंवा त्याहून कमी बेस एकर असतील तर सर्वसाधारण शेतकऱ्याला पैसे मिळतच नाहीत. नवख्या शेतकऱ्याला त्यातून सूट आहे. आणि सूट मिळाली तरी त्या एकरांवर एका मर्यादेपलीकडे भाजीपाला लावला तर रक्कम कापली जाते. म्हणजे ज्या जमिनीवर मका होता तिथे भेंडी लावणं या कायद्याच्या हिशेबात अपराधासारखंच. याला कारण आहे. आधीच भाजीपाला करणाऱ्यांनी तक्रार केली होती की अनुदान घेणारे शेतकरी त्याच जोरावर आमच्या बाजारात उतरतील, हे बरोबर नाही. तक्रार खोटी नव्हती. पण आठ एकरवाल्याला तिचा फटका बसतो. तुमच्या क्षेत्रावर ही रक्कम तशीही चिल्लर असेल, त्यामागे धावू नका. बेस एकरांची नोंद मात्र पुसू देऊ नका. जमीन विकताना तिला किंमत असते.

२०२२ च्या कृषी गणनेत अमेरिकेत १९ लाख शेतं मोजली गेली. वर्षाला ५० हजार डॉलर किंवा त्याहून कमी विक्री असणारी शेतं त्यात ७४ टक्के, आणि एकूण विक्रीत त्यांचा वाटा दोन टक्के. दहा लाख डॉलरच्या वर विक्री असणारी सहा टक्के शेतं तीन चतुर्थांशाहून जास्त माल विकतात. पैसा पिकाच्या आणि एकराच्या मागे जातो, तेव्हा तो कुठे पोचत असेल हे सांगायला नको. आणि याच पैशाचा ताप आपल्या विदर्भातल्या कापूसवाल्यालाही झाला. अमेरिकी कापसाच्या अनुदानाने जगाचे भाव पडतात म्हणून ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. यवतमाळला त्यातलं काही आलं नाही.

मग छोट्यांची आणि टिकाऊ शेतीची बाजू या कायद्यात शिरली कशी? मातीमुळे शिरली. १९३५ च्या वसंतात ह्यू बेनेट नावाचा मृदातज्ज्ञ वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीपुढे बोलत होता, आणि पश्चिमेकडच्या मैदानांवरची धूळ उडत थेट राजधानीवर येऊन पोचली. त्याच एप्रिलमध्ये मृदा संवर्धनाचा कायदा झाला आणि आज जिला एनआरसीएस म्हणतात ती संस्था उभी राहिली. पुढे १९७० च्या दशकात अर्ल बट्झ कृषिमंत्री असताना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा, मोठे व्हा, असा धोशा चालला. लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या आणि १९८० च्या दशकात व्याजदर चढल्यावर हजारो घरं लिलावात गेली. त्या पोळलेल्या काळातच १९८५ चा कायदा आला. धुपीच्या जमिनीवर संवर्धनाचा आराखडा नसेल तर सरकारी लाभ बंद, हा नियम तेव्हाचा. १९८८ पासून टिकाऊ शेतीच्या संशोधनाला छोटा निधी सुरू झाला, त्याला आज सेअर म्हणतात. १९९६ मध्ये इक्विप आलं. तुमचा शेजारी ज्या फुकट पॉलिहाऊसबद्दल बोलतोय, ते हेच.

इक्विपवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचं ऐंशी टक्के काम त्यातच आहे. शेतात काही सुधारणा करायची, त्याच्या अंदाजी खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत सरकार देतं; नवख्या शेतकऱ्याला ९० पर्यंत. नवखा म्हणजे ज्याला शेती करायला लागून दहा वर्षं झाली नाहीत असा. तुम्ही दोघेही त्यात बसता. इथे बिलाच्या टक्क्यांवर पैसे मिळत नाहीत. दर वर्षी प्रत्येक राज्याचं दरपत्रक निघतं, अमुक कामाला चौरस फुटाला इतके, तमुक कामाला एकराला इतके. तुम्ही स्वस्तात काम केलंत तर तुमचा फायदा, महागातलं सामान घेतलंत तर वरचा भुर्दंड तुमचा. नवख्याला किमान निम्मी रक्कम आगाऊ मागता येते, आणि ती ९० दिवसांत खर्च करावी लागते. ट्रॅक्टर, अवजारं, शीतगृह यांना इक्विपमधून काही नाही. मिळतं ते जमीन, पाणी, चराऊ रान, झाडं यांच्या कामांना. प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो आणि ऑफिसातले लोक नावाऐवजी क्रमांकानेच बोलतात: ३४० म्हणजे आच्छादन पीक, ५९० म्हणजे खतांचं नियोजन, ४४१ म्हणजे ठिबक, ३२५ म्हणजे हाय टनेल. हाय टनेल म्हणजे आपलं साधं पॉलिहाऊस, हीटर-पंखे नसलेलं. पीक त्यात थेट जमिनीत घ्यावं लागतं, कुंड्या किंवा टेबलावरची रोपवाटिका चालत नाही, आणि ठरलेली वर्षं तो उभा ठेवून वापरावा लागतो.

आता खरी मेख. अर्ज भरला की नंबर लागतो असं नाही. सर्व अर्जांना गुण दिले जातात आणि पैसे संपेपर्यंत वरून खाली यादी चालते. २०१० ते २०२० या काळात देशभरात इक्विपचे ३१ टक्के अर्ज मंजूर झाले. म्हणजे दहातले सात परत. गुण कशाला मिळतात हे ओळखणं हेच माझ्या धंद्याचं कसब, आणि ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. अधिकारी शेतावर येतो तेव्हा तुम्हाला काय हवंय याची यादी त्याच्यापुढे ठेवू नका. जमिनीचं काय दुखतंय ते दाखवा.

गेल्या सप्टेंबरात मी एका अशाच लहान शेतावर पाहणीला बरोबर गेले होते. मालकीणबाईंनी टनेलची जागा आखून ठेवली होती, सुतळी बांधून. अधिकाऱ्याने तिकडे एकदा बघितलं आणि तो उताराने खाली चालू लागला. मक्याच्या थोटांमधून ओघळ गेली होती, घोट्याएवढी खोल. त्याने लोखंडी सळई मातीत दाबली. वीतभर गेली आणि थांबली. वर्षानुवर्षं जड यंत्र फिरून खाली तवा बसलेला. मग ओढ्याच्या काठाशी आला, तिथे गवताची पट्टी जेमतेम चार पावलं रुंद. कागदावर त्याने तीन ओळी लिहिल्या: ओघळ, तवा, ओढ्यात जाणारी माती. परत येताना तो म्हणाला, टनेल एकटा मागितलात तर यादीत खाली जाईल. या तिन्हींबरोबर मागा. आमचा हा सगळा भाग सस्क्वेहॅना नदीच्या पाणलोटात, आणि ती नदी जाते चेसापीक उपसागरात. लँकेस्टरची माती आणि खत त्या उपसागरात जाऊ नये यासाठी इथे वेगळं लक्ष आणि वेगळा पैसा आहे. ओढा तुमच्याकडेही आहे. त्याच्याकडे कटकट म्हणून बघत असाल तर बघणं बदला, तो तुमचा वशिला आहे.

त्या ओढ्याकाठी झाडांची पट्टी लावायची असेल तर आणखी एक दार आहे. सीआरईपी नावाच्या कार्यक्रमात दहा ते पंधरा वर्षांचा करार होतो, लागवडीच्या खर्चाला हातभार मिळतो आणि त्या पट्टीचं दर वर्षी भाडं मिळतं. पण जमीन ताब्यात येऊन बारा महिने व्हावे लागतात, म्हणून तुम्हाला अजून थोडं थांबावं लागेल. काठाची जमीन अडकते, हे खरं. पण ओलसर काठावर भाजी करून दर दोन वर्षांनी पुरात घालवण्यापेक्षा ते बरं, असं माझं मत.

सीएसपी नावाची दुसरी योजना आहे, आधीच चांगली शेती करणाऱ्याला पाच वर्षं दर वर्षी पैसे देणारी. पूर्वी लहान शेताला त्यातून इतके कमी मिळायचे की कुणी अर्जाला हात लावत नसे. २०२४ मध्ये किमान रक्कम वर्षाला १५०० वरून ४००० डॉलर केली, आणि त्यानंतर लहानांना त्यात अर्थ आला. पण पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका. आधी इक्विपची कामं होऊ देत.

हे सगळं सुरू होतं एका क्रमांकापासून. काउंटीच्या यूएसडीए, म्हणजे फेडरल कृषी खात्याच्या, सेवा केंद्रात एफएसए (शेतांच्या नोंदी आणि कर्जं बघणारं) आणि एनआरसीएस (संवर्धनाच्या योजना बघणारं) ही दोन खाती बहुधा एकाच छपराखाली बसतात. पहिलं टेबल एफएसएचं. तिथे तुमच्या जमिनीला फार्म नंबर मिळतो. याला इथला सातबारा समजा, फक्त तलाठ्याऐवजी उपग्रहाच्या फोटोवर हद्दी आखलेल्या असतात. आधीचा मालक मका करायचा म्हणजे नंबर असणारच, तो तुमच्या नावावर करून घ्यायचा. तिथेच तीन कागद भरायचे: तुमची माहिती, धुपीच्या व पाणथळ जमिनीचं हमीपत्र म्हणजे एडी-१०२६, आणि उत्पन्नाचं प्रमाणपत्र म्हणजे सीसीसी-९४१. उत्पन्नाची मर्यादा सरासरी नऊ लाख डॉलर आहे, तेव्हा आयटीचे दोन पगार असले तरी चिंता नाही. मग पलीकडच्या टेबलावर सीपीए-१२०० हा इक्विपचा अर्ज. अर्ज वर्षभर घेतात, पण छाननीची एक तारीख असते. ती चुकली की पुढच्या वर्षी. बहुतेकांचं एक वर्ष इथेच जातं, आणि तेही एखादी सही राहिल्यामुळे. पत्नीचं नाव खरेदीखतावर असेल तर तिचीही सही लागते. हसू नका, दर वर्षी कुणीतरी यात अडकतं.

वर्षाला किमान १००० डॉलरचा शेतमाल विकण्याइतकी तरी शेती हवी. हौसेच्या परसबागेला हे लाभ नाहीत. म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात, एका कोपऱ्यात का होईना, काहीतरी पिकवून विका आणि पावत्या ठेवा. प्रत्येक काढणीचं वजन वहीत लिहा. हे वजन पुढे विम्याला लागतं.

विम्याचं थोडक्यात. मोठ्या पिकांचा विमा तुमच्या उपयोगाचा नाही. मिश्र भाजीपाल्यासाठी मायक्रो फार्म नावाची पॉलिसी २०२२ पासून आहे, सगळ्या शेताच्या एकत्र उत्पन्नावर. ज्या पिकाला विमाच नाही त्याला एफएसएचा नॅप आहे. त्याची फी पिकामागे ३२५ डॉलर, नवख्याला माफ, पण त्यासाठी सीसीसी-८६० हा कागद भरलेला हवा. नॅपचं मूळ संरक्षण तुटपुंजं आहे: निम्म्याहून जास्त पीक गेलं तर पुढच्या नुकसानाला बाजारभावाच्या ५५ टक्के. फी माफ आहे तर घेऊन ठेवा, एवढंच.

कर्जाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. एफएसएची मायक्रोलोन ५० हजार डॉलरपर्यंत मिळते आणि कागदपत्रं कमी असतात. पण त्यांची अट आहे की दुसरीकडे तुम्हाला वाजवी दराने कर्ज मिळत नसावं. दोन आयटीचे पगार बघून ते बहुधा बँकेचा रस्ता दाखवतील. ते बरोबरच आहे, हा पैसा ज्याला बँक दारात उभं करत नाही त्याच्यासाठी आहे. १९१६ पासून चालत आलेली फार्म क्रेडिट ही शेतकऱ्यांची सहकारी कर्जव्यवस्था बघा. ती शेती समजते, मोसमाप्रमाणे हप्ते बांधून देते.

भावाच्या भागीदारीचं प्रकरण मात्र नाजूक आहे. नागरिक नसलेला आणि ग्रीन कार्डही नसलेला माणूस शेतजमीन घेतो, किंवा जमीन धारण करणाऱ्या कंपनीत त्याचा दहा टक्के किंवा अधिक वाटा असतो, तेव्हा १९७८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत यूएसडीएला कळवावं लागतं. फॉर्म एफएसए-१५३. न कळवल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. अगदी लहान जमिनीला सूट आहे, पण ती दहा एकरांखाली, आणि तुमची बारा. हा कायदा अनेक वर्षं कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. चिनी गुंतवणुकीची चर्चा सुरू झाल्यापासून त्याच्याकडे डोळे लागलेत. शिवाय एच-वन-बीवर असताना शेतावर काम करणं हा वेगळाच प्रश्न, तो इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मला नको. माझा सल्ला विचाराल तर भावाला ग्रीन कार्ड मिळेपर्यंत कंपनी काढूच नका. जमीन आणि अर्ज दोघांच्या वैयक्तिक नावावर ठेवा. कंपनीच्या नावाने अर्ज केला की सरकारी नोंदणीचे आणखी दोन फॉर्म आणि दर वर्षीचं नूतनीकरण मागे लागतं.

आता गेलं वर्ष. २०२२ च्या कायद्याने संवर्धनासाठी १९.५ अब्ज डॉलर जादा दिले होते, हवामानाशी जोडलेल्या कामांसाठी. जानेवारी २०२५ मध्ये नवं प्रशासन आलं आणि हा पैसा गोठला. करार झालेले, कामं पुरी केलेले शेतकरीही बिलाची वाट बघत बसले. फेब्रुवारीपासून तो टप्प्याटप्प्याने सुटू लागला. मार्चमध्ये स्थानिक शेतमाल शाळांना आणि अन्नपेढ्यांना घेऊन देणारे दोन कार्यक्रम रद्द झाले, मिळून सुमारे एक अब्ज डॉलरचे. लहान भाजीवाल्यांना खरा मार त्याचा बसला, कारण ते हमखास गिऱ्हाईक होतं. एप्रिलमध्ये हवामानपूरक शेतमालाचा ३.१ अब्जांचा कार्यक्रम बंद केला. ४ जुलैला सही झालेल्या मोठ्या कायद्याने उलटंच केलं: संवर्धनाचा उरलेला जादा पैसा नेहमीच्या खात्यात कायमचा वळवला आणि हवामानाची अट काढून टाकली. त्याच कायद्याने मका-कापसाचे आधारभाव चढवले आणि माणशी अनुदानाची मर्यादा १ लाख २५ हजारांवरून १ लाख ५५ हजार डॉलर केली. डिसेंबरात १२ अब्जांची एकवेळची मदत जाहीर झाली, त्यातले ११ अब्ज पुन्हा त्याच पिकांना. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: इक्विप आणि सीएसपी शिल्लक आहेत, पैसाही आहे, पण ऑफिसात माणसं कमी झाली आहेत. पाहणीला पूर्वी तीन आठवडे लागायचे, आता फोन करत राहावं लागतं. फार्म बिल २०२३ मध्येच संपलं. मुदतवाढीवर मुदतवाढ चालली आहे, सध्याची ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत.

आणखी एक बदल तुम्हाला लागू आहे. आशियाई वंशाचे शेतकरी आतापर्यंत सामाजिकदृष्ट्या वंचित या गटात धरले जायचे आणि त्यांना वाढीव दर मिळायचा. जुलै २०२५ मध्ये यूएसडीएने वंश आणि लिंगावर आधारलेली ही वर्गवारी वापरणं बंद केलं. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत अजून ती सापडते, त्यावर विसंबू नका. ती वर्गवारी मुळात का आली हेही माहीत असावं. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना याच खात्याने पिढ्यान्‌पिढ्या कर्ज नाकारलं होतं. १९९९ च्या पिगफर्ड खटल्याच्या तडजोडीत आणि पुढे २०१० मध्ये मिळून दोन अब्जांहून जास्त भरपाई द्यावी लागली. तुम्ही नवखे म्हणून वाढीव दराला पात्र आहातच, तेव्हा तुमचं नुकसान काही नाही.

सेंद्रिय प्रमाणपत्राचं. सेंद्रिय म्हणून विकलेल्या मालाची वर्षाची विक्री ५००० डॉलरच्या आत असेल तोवर प्रमाणपत्र सक्तीचं नाही, नियम मात्र पाळावे लागतात. त्यापुढे गेलात की प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी काढणीच्या आधीचे ३६ महिने जमिनीवर निषिद्ध औषध-खत पडलेलं नसावं. प्रमाणपत्राच्या खर्चाचे ७५ टक्के, जास्तीत जास्त ७५० डॉलर, परत मिळण्याची योजना आहे, पण त्या वर्षी तिला पैसा आहे का ते आधी विचारून घ्या. मिळाला तर दिवाळी, नाही तर नाही. खरं सांगायचं तर देशी गिऱ्हाईक मेथीच्या जुडीवर शिक्का शोधत नाही. ती ताजी आहे का आणि पानं बारीक आहेत का ते बघतं. पहिली तीन वर्षं शिक्क्याची घाई करू नका, कागद मात्र जपा.

हे सगळं धरून तुमच्या जागी मी काय करीन? या महिन्यात पेन स्टेटच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना पाठवीन. एफएसएला फोन करून वेळ घेईन. न सांगता गेलात तर परत यावं लागेल. खरेदीखत, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश बरोबर नेईन. टनेलचं सामान बघेन, किमती लिहून ठेवीन, मागवणार नाही. टनेलच्या पूर्ण खर्चाची रक्कम मात्र बाजूला काढून ठेवीन, कारण मंजुरी आली तरी पैसे हातात यायला महिने जातात, आणि गेल्या वर्षीसारखं काही झालं तर त्याहून जास्त. उतारावरच्या आठ एकरांत सप्टेंबरात आच्छादन म्हणून राय या धान्याचं बी फेकीन, करार होवो न होवो. त्या तुकड्यावर ३४० चे पैसे कदाचित हातचे जातील. जाऊ देत; बी स्वस्त आहे आणि हिवाळ्यात उघड्या रानातून वाहून गेलेली माती कुणी परत आणून देत नाही.

आणि सगळ्यात आधी, उद्याच, आधीच्या मालकाला गाठा. त्याने कुठल्या तुकड्यात शेवटचं तणनाशक कधी मारलं, खत कोणतं आणि कधी टाकलं, हे साध्या कागदावर लिहून त्याची सही आणि तारीख घ्या. तुमचे ३६ महिने त्या कागदावरच्या शेवटच्या औषध-खताच्या तारखेपासून मोजले जातात, आणि तो फ्लोरिडाला गेला की फोन उचलेलच असं नाही.